काचेला चिकटलेला फोटो आणि हनुवटीवरचं गोंदण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडच्या गावच्या घरी माजघरात आजी-आजोबांचा लग्नानंतरचा काळा-पांढरा फोटो टांगलेला आहे, साधारण पोस्टकार्डाएवढा. काचेच्या आत पांढरे ठिपके आलेत, खालचा डावा कोपरा काचेला चिकटलाय, आणि सगळा फोटो पिवळट पडलाय. चुलतभावाने फोनवर काढून कुठल्याशा ॲपमधून तो 'साफ' केला, तर आजी भलतीच कोणी बाई दिसायला लागली. आता गणपतीला सगळे घरी जमणार, तोवर फोटो नीट करून मोठा प्रिंट काढायचाय, पण बारकावे न घालवता.

मी वेंगुर्ल्यात पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवतो. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं डार्करूममध्ये हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास घेत गेली, पुढची कॉम्प्युटरसमोर. कोकणातले जुने फोटो बहुतेक तुम्ही सांगता तशाच अवस्थेत येतात, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

आधी एक गोष्ट. फोटो भिंतीवरून खुशाल उतरवा, पण फ्रेममधून काढू नका. निदान आत्ता, भर पावसात तर नकोच.

कारण असं. तुमच्या आजीचा चेहरा कागदात नाहीये. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे बारीक कण असतात. आपल्याला जी प्रतिमा दिसते ती त्या कणांची. जिलेटिन हाडा-कातड्यापासून बनतं, सरसासारखंच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की मीठ-साखर सादळते, पापड वातड होतात. तसंच हे जिलेटिनही सादळतं, फुगतं आणि समोरच्या काचेला जाऊन टेकतं. मग दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते सुकतं आणि काचेला धरून बसतं. असे चाळीस-पन्नास पावसाळे गेले की काच आणि फोटो एकच होऊन जातात.

धंद्यात नवा होतो तेव्हा शिरोड्याच्या एका गिऱ्हाइकाने वडिलांचा असाच चिकटलेला फोटो आणला होता. मी आपला शहाणपणा करून दाढीच्या ब्लेडने कडेकडेने सोडवायला लागलो. खांद्यापर्यंत छान सुटला. मला वाटलं जमलं, आणि जरा जोर लावला. कागद हातात आला, आणि डावा गाल आणि अर्धी मिशी काचेवर राहिली. तो माणूस समोर स्टुलावर बसला होता. काही बोलला नाही, नुसता काचेकडे बघत राहिला. त्यानंतर मी चिकटलेला फोटो ओढलेला नाही. पाण्यात भिजवून सुटतो असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. कधीकधी सुटतोही. पण बुरशी लागलेल्या जागी जिलेटिन आतून खाल्लेलं असतं, ते पाण्यात विरघळून जातं. हाताने रंगवलेला फोटो असेल तर गालाची लाली आणि साडीचे काठ पाण्याबरोबर वाहून जातात. हे काम अभिलेखागार किंवा संग्रहालयासाठी काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाचं आहे, माझं नाही आणि तुमचंही नाही.

सुदैवाने आपल्याला फोटो सोडवायची गरजही नाही. काचेतूनच त्याचा फोटो काढायचा.

त्याआधी नुकसान कुठलं आहे ते ओळखा, कारण प्रत्येकावर उपाय वेगळा. फोटो खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरा. पांढरे, कापसासारखे, कडा फुटलेले ठिपके म्हणजे बुरशी. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते, आणि आपल्याकडे चार महिने ती त्याच्या खाली क्वचितच येते. फोटोच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, निळसर चकाकी दिसली तर ती चांदी वर आलेली आहे. तिरकं धरल्यावर आरशासारखी चमकते, समोरून धरल्यावर काळेपणा फिका करते. सगळीकडे पसरलेला पिवळेपणा बहुतेक वेळा त्या काळी प्रिंट नीट न धुतल्याचा असतो. हायपो पूर्ण निघण्यासाठी वाहत्या पाण्यात बराच वेळ प्रिंट फिरवावे लागत. ऐन मे महिन्यात जिथे विहिरीवरून घागरी आणाव्या लागत, तिथे कोण किती धूत असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. आणि तपकिरी पट्टे, मागच्या लाकडी फळीच्या गाठींच्या आकाराचे, म्हणजे मागच्या प्लायने किंवा फळीने आम्ल सोडलंय. कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर ती कसर. वाळवी मात्र मागून येते आणि पुठ्ठा संपल्याशिवाय कळत नाही, तेव्हा फ्रेमची पाठही बघून घ्या.

आता काचेतून फोटो कसा घ्यायचा. काच बाहेरून पुसा, पण पाणी काचेवर शिंपडू नका. कापड किंचित ओलसर करून पुसा, नाहीतर पाणी फ्रेमच्या खाचेतून आत जातं. पडवीत, जिथे ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर आहे, तिथे टेबलावर फ्रेम आडवी ठेवा. उजेड दोन्ही बाजूंनी, तिरका, साधारण पंचेचाळीस अंशांतून पडला पाहिजे. कॅमेरा बरोबर वर, फोटोला समांतर. काचेत तुमचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसेल, त्यावर सोपा इलाज: काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढा. आईची काळी चंद्रकळा चालेल, भोक पाडायची परवानगी मिळाली तर. फोनने काढत असाल तर जवळ जाऊन काढू नका. जरा लांब राहून दुप्पट झूम करा, नाहीतर कडा वाकतात.

चकाकणाऱ्या चांदीसाठी मी पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारी फिल्टरची काच, वापरतो, एक दिव्यांवर आणि एक लेन्सवर, दोन्ही एकमेकांना आडवे. चकाकी पार नाहीशी होते आणि खालचा काळा रंग परत येतो. घरी हे जमणार नाही, पण जवळच्या चांगल्या स्टुडिओत विचारून बघा.

एक गंमत तुम्हाला फोटो काढल्यावर दिसेल. जिथे फोटो काचेला चिकटलाय तो कोपरा जास्त गडद, ओल्यासारखा दिसेल, आणि बाकीचा भाग फिका. समुद्रातला दगड ओला असताना गडद दिसतो तसंच हे. फोटो तिथे खराब झालेला नसतो. उलट तोच भाग खरा दिसतोय असं म्हणा हवं तर. पुढे कॉम्प्युटरवर त्या कोपऱ्याला वेगळा मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारं झाकण) लावून उजेड सारखा करावा लागतो, पण तिथे ब्रश मारत बसू नका.

फोटो चिकटलेला नसता तर मी सरळ स्कॅनर सांगितला असता. तुमच्या घरी आणखी फोटो असणार, ट्रंकेत, अल्बममध्ये, म्हणून स्कॅनिंगचंही सांगून ठेवतो. इथेच सगळ्यात जास्त बारकावे जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

सुटा फोटो असेल तर निदान ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि पाकिटात मावणारे छोटे, निगेटिव्हच्याच मापाचे कॉन्टॅक्ट प्रिंट असतील तर १२००. अडीच बाय साडेतीन इंचाचा फोटो १२०० ला स्कॅन केला की ३००० बाय ४२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे सव्वा कोटीच्या वर. पुरे. त्याहून वर गेलात तर आजीचा बारकावा वाढत नाही, कागदाचे धागे मोजत बसाल. फाइल टिफमध्ये ठेवा. जेपेग प्रत्येक वेळी साठवताना काहीतरी गिळतो. स्कॅनरमधल्या 'ऑटो', 'शार्पन', 'धूळ काढा' या सगळ्या खुणा काढून टाका. निगेटिव्ह स्कॅन करताना काही स्कॅनर इन्फ्रारेड उजेडाने धूळ ओळखतात. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर ते कधीही चालू ठेवू नका. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग स्कॅनर चेहऱ्यालाच धूळ समजतो आणि गालावर सारवासारव करतो.

काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्ये, सोळा बिटमध्ये स्कॅन करायचा. गिऱ्हाईक इथे हसतं, 'रंग कुठेयत त्यात?' म्हणून. रंग आहेत, डागांचे. संगणकात चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन चॅनेलमध्ये असतं. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये काळा ढब्बा दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ गायब असतो. म्हणजे चहाचा डाग, फळीचा पट्टा, हळदीचं बोट लागलेलं, हे सगळं निम्मं काम नुसतं लाल चॅनेल निवडून होऊन जातं, एकही ब्रश न मारता. याच्या उलटही होतं. चांदीचीच प्रतिमा जिथे पिवळी पडून विरत चाललीये, तिथे निळ्या चॅनेलमध्ये ती अजून शिल्लक सापडते. गेल्या वर्षी एका फोटोत आजोबांच्या धोतराच्या निऱ्या नुसत्या डोळ्याला दिसत नव्हत्या, पांढरं फटफटीत होतं; निळ्या चॅनेलमध्ये सातही निऱ्या मोजता आल्या. तुमच्या फोटोत पिवळेपणा सगळीकडे आहे, तेव्हा तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडून बघा आणि कुठला भाग कुठून घ्यायचा ते ठरवा.

सोळा बिटचं कारण हिशेबाचं आहे. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. विटलेला फोटो त्यातल्या साठ-सत्तरच वापरतो, बाकी रिकाम्या. तुम्ही तो ताणून पूर्ण पल्ल्यावर बसवलात की पायऱ्यांमध्ये फटी पडतात आणि कपाळावर नकाशासारखे पट्टे दिसतात. सोळा बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात, चौथा हिस्सा वापरला तरी सोळा हजार.

आता कॉम्प्युटरवरचं काम. फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर गिम्प फुकट आहे आणि या कामाला पुरतं. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. प्रत्येक काम नव्या लेयरवर, म्हणजे चुकलं तर तेवढंच पुसता येतं. मी आधी उजेड नीट करतो, कर्व्ह्ज नावाच्या उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या साधनाने, आणि मगच डागांकडे वळतो, कारण अंधाऱ्या फोटोत जे डाग वाटतात त्यातले निम्मे उजेडात डाग नसतात.

मग शंभर टक्के झूमवर, डाव्या कोपऱ्यापासून, शेत नांगरतात तसं आडवं-आडवं. सपाट जागेला, म्हणजे मागचा पडदा, भिंत, कोटाचा मोकळा भाग, हीलिंग ब्रश, जो डाग आजूबाजूशी आपोआप मिसळतो. जिथे कड आहे, साडीचा काठ, केसांची रेघ, चेहऱ्याची बाजू, तिथे हीलिंग ब्रश चिखल करतो. तिथे क्लोन स्टॅम्प, जो बाजूचा तुकडा जसाच्या तसा उमटवतो, लहान ब्रश, आणि हात शांत. 'डस्ट अँड स्क्रॅचेस' नावाचा फिल्टर सगळ्या फोटोवर एकदम लावायचा मोह होईल. लावलात की ठिपके जातील, त्याबरोबर पापण्याही जातील. वापरायचाच तर लावून घ्या, काळ्या मास्कने झाका, आणि फक्त पडद्याच्या भागात उघडा.

दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत राहते आणि बाकी फोटो रवाळ, हे दुरून ओळखू येतं. तिथे थोडं नॉइज घालून रवा जुळवावा लागतो. खूप जण ही पायरी खातात.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

सहा-सात वर्षांपूर्वी आरवलीच्या बाजूच्या एका घरातून मला पणजीचा फोटो आला. बुरशीने भरलेला. पडद्यावर, कपाळावर, गालावर, सगळीकडे ठिपके, काही पांढरे, काही काळे. दोन दिवस खपून मी एकूण एक ठिपका काढला. स्वतःवर खूश होऊन फ्रेम करून दिला. दुसऱ्या दिवशी घरातली म्हातारी, त्या पणजीची मुलगी, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून स्टुडिओत आली. फ्रेम टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या आवशीचा गोंदाण खंय गेला?"

हनुवटीवर तीन ठिपके होते. मी ते बुरशी समजून पुसले होते. मूळ स्कॅन उघडून तिच्यासमोर चारशे टक्के मोठा केला. बुरशीचा ठिपका कडेला फाटलेला असतो, त्याला मिशा असतात, आणि तो चांदीच्या रव्यांच्या वर बसतो. गोंदणाचा ठिपका रव्यातच होता, मऊ कडेचा, तिन्ही सारख्या आकाराचे, त्रिकोणात. बघायला शिकलो असतो तर दिसलं असतं. लेयर होते म्हणून ते तेवढे तीन परत आणता आले; दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून चेहऱ्यावरचा एकही ठिपका घरातल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय मी काढत नाही. आधी नुसता उजेड नीट केलेला, ए-चार आकाराचा साधा प्रिंट काढतो, बरोबर लाल पेन देतो, आणि सांगतो की जे खरं आहे त्याला गोल करा. गोंदण, तीळ, देवीचे वण, भिकबाळी, कपाळावरची पडल्याची खूण. दरवेळी असं काहीतरी निघतं जे मी पुसलं असतं.

देवीच्या वणांवरून आठवलं. आमचे मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने टचिंग करायचे. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, पण वण असलेले चेहरे पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओत येत होते, आणि बहुतेकांना ते नको असायचे. मास्तर मान वर न करता विचारायचे, "घालवू की ठेवू?" तेव्हा मूळ फोटो म्हणजे अगदी खरं, असंही समजू नका. मोठ्या स्कॅनमध्ये गालावर बारीक तिरप्या रेघा दिसल्या तर ते ओरखडे नाहीत, कुणा मास्तरांची पेन्सिल आहे. त्या मी ठेवतो. आजोबांना जसं दिसायचं होतं तसे ते दिसतायत.

कुंकवाचंही असंच. जुन्या प्लेट आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, म्हणून लाल कुंकू त्यांवर काळं कुळकुळीत येतं आणि आकाशी साडी जवळजवळ पांढरी. त्यामुळे तुमच्या त्या ॲपने आजीच्या कपाळावरचा काळा गोल डाग म्हणून काढला असेल तर नवल नाही. परत एकदा बघा, कुंकू आहे का त्या 'साफ' फोटोत. आणि नथ? नथीच्या मोत्यांवरचे पांढरे ठिपके यंत्राला धूळ वाटतात. ते ओठाच्या वर एक करडी सावली ठेवतं आणि पुढे जातं.

आजी आजीसारखी का दिसत नाही याचं कारणही हेच आहे. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत दोन माणसं पायापर्यंत उभी असली की चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. फोनने काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत त्या चेहऱ्याला शंभर-सव्वाशे पिक्सेल उरतात. तेवढ्यात डोळ्याची बाहुली म्हणजे चार-सहा ठिपके. एआयला तिथे पापण्या दिसत नाहीत, म्हणून त्याने पाहिलेल्या हजारो परक्या चेहऱ्यांवरून तो पापण्या रंगवतो. रंगवतो छान. पण त्या तुमच्या आजीच्या नव्हेत. (फोटो कोणाला पाठवायचाच तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.)

मी एआय अजिबात वापरत नाही असं नाही. मागचा पडदा फाटलाय, जमिनीवरची फरशी गेलीये, कोटाचा खालचा भाग वाळवीने खाल्लाय, तिथे बेलाशक वापरतो. तासांचं काम मिनिटांत होतं. पण गळ्याच्या वर त्याला प्रवेश नाही. एखादा गिऱ्हाईक हटूनच बसला तर एआयचा चेहरा वेगळ्या लेयरवर घेतो, त्याची पारदर्शकता वाढवत वाढवत नेतो, आणि डोळे-ओठ मास्कने मूळचेच ठेवतो. चेहऱ्याचा एक भाग पूर्ण गेला असेल तर त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधायला सांगतो. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मुंबईच्या गिरणीचा पास, कुठेतरी पासपोर्टाएवढा फोटो सापडतोच. नाही सापडला तर ती जागा शांत, करडी, आजूबाजूच्या टोनमध्ये सोडतो. लोकांना त्याचं वाईट वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. भलताच गाल दिसला की वाटतं.

रंग भरण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण गणपतीत कोणीतरी काढणारच विषय. वर सांगितलं तसं करड्यावरून साडीचा रंग कळत नाही. ज्याला तो शालू आठवतो असं माणूस घरात असेल तर त्याला विचारून, वेगळी प्रत म्हणून भरा. मूळ प्रत काळी-पांढरीच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटोही तुमच्या अल्बममध्ये लालसर झालेले असतील. त्यांच्यातला निळा-हिरवा रंग आधी उडतो, अंधारात ठेवले तरी. ते मात्र कर्व्ह्जने बऱ्यापैकी परत येतात, लाल उतरवायचा, आधी सावल्यांत, मग मध्यात. जाळीदार पोताच्या कागदावरचे असतील तर एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करा. दिव्याची सावली दोन्हीकडून पडते, दोन्ही स्कॅन जुळवून अर्धे-अर्धे मिसळले की पोत बराचसा मरतो.

निगेटिव्ह सापडली तर सोनं. फक्त सरळ-उलट बघून घ्या. मंद, चमक नसलेली बाजू ही थराची बाजू. चुकून उलटी स्कॅन झाली तर नथ उजव्या नाकपुडीत जाते आणि शर्टाची बटणं बायकांसारखी लागतात. माझ्याकडे एका घरात चाळीस वर्षं उलटाच लटकलेला फोटो आला होता, आणि सगळ्यांना आजोबा डावखुरे होते असं वाटत होतं.

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दाबून उठवलेला स्टुडिओचा शिक्का असेल तर तो कापू नका. उजेड एका बाजूने अगदी आडवा पाडला की वाचता येतो. आणि सुट्या फोटोंची पाठही स्कॅन करा. चाकरमान्यांनी परळ-लालबागहून पाठवलेल्या फोटोंच्या मागे तारीख, निरोप, कधी मोडीत लिहिलेलं नाव असतं.

प्रिंट मॅट कागदावर काढा. पोस्टकार्डाएवढ्या मूळ फोटोचा आठ बाय बारा छान येतो, बारा बाय अठरा बरा येतो, त्यापुढे भिंतीवरचा पोस्टर होतो. शार्पन अगदी शेवटी, त्याच मापाला, आणि आधी नुसत्या चेहऱ्याची एक पट्टी छापून बघा. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा, दोन मिलिमीटर जाडीची तरी; फोटो पुन्हा काचेला लागता कामा नये. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका, ती पावसात आतपर्यंत ओल ओढते. आतल्या भिंतीवर, चुलीच्या आणि देवघरातल्या समईच्या काजळीपासून लांब, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते.

जुनी फ्रेम टाकू नका. जुनी तशीच, आडवी, सुती कापडात, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या दर पावसाळ्यात दोनदा बदला किंवा गरम करून परत वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

माझ्याकडे घेऊन येणार असाल तर श्रावण संपायच्या आत या. भाद्रपद लागला की सगळा तालुका फोटो घेऊन येतो. एसटीत फ्रेम मांडीवर उभी धरा, डिकीत नको. आणि आजीची एखादी धाकटी बहीण किंवा नणंद हयात असेल तर तिचा फोन नंबर घेऊन या, व्हिडिओ कॉल करता येईल असा.